लाखावरचे कर्जदार बेरजेत का येत नाहीत?

संपादक महोदय,
स.न.वि.वि.

गेल्या आठवड्यात आपल्या वाचकपत्रांत एका पतसंस्थेच्या व्यवस्थापकांची तक्रार वाचली. संस्थेच्या सॉफ्टवेअरमधून त्यांनी मार्चअखेरची थकबाकी यादी एक्स्पोर्ट केली आणि लिब्रेऑफिस या मोफत सॉफ्टवेअरच्या कॅल्कमध्ये (एक्सेलसारख्या हिशेबाच्या प्रोग्रॅममध्ये) उघडली. बेरीज छापील यादीपेक्षा कितीतरी कमी आली. तीच फाइल शेजारच्या संगणकावर एक्सेलमध्ये बरोबर दिसली. त्यावरून 'फुकटचे सॉफ्टवेअर हिशेबाच्या कामाचे नाही' असा निकाल देऊन ते मोकळे झाले.

मी सहकारी संस्थांचे लेखापरीक्षण करते. आर्थिक वर्ष संपल्यापासून चार महिन्यांत ते पुरे व्हावे असे सहकार कायदा सांगतो आणि आमच्या भागातल्या निम्म्या सचिवांना त्याची आठवण जुलै उजाडल्यावर होते. म्हणून पावसाळ्यात माझ्या टेबलावर पेनड्राइव्हचा ढीग असतो, आणि त्यातल्या बऱ्याच फायलींना नेमका हाच आजार असतो. व्यवस्थापक साहेबांची तक्रार खरी आहे. आरोपी मात्र त्यांनी चुकीचा पकडला आहे.

त्यांच्या पत्रातच खूण होती. 'लहान कर्जे बेरजेत आली, मोठी गळाली,' असे त्यांनी लिहिले होते. 'मोठी' म्हणजे केवढी, हे त्यांनी तपासलेले दिसत नाही. तपासले असते तर सीमारेषा बरोबर एक लाखावर सापडली असती.

८५,००० ही रक्कम आपण लिहिली काय आणि अमेरिकेत कोणी लिहिली काय, स्वल्पविराम एकाच जागी पडतो. सव्वा लाखाला फाटा फुटतो. आपण १,२५,००० लिहितो, ते १२५,००० लिहितात. कॅल्क बसवताना कोणी लक्ष दिले नाही तर त्याचे 'लोकेल', म्हणजे देशाची सेटिंग, पुष्कळदा 'इंग्लिश (यूएसए)' राहते. मग स्वल्पविरामासकट आलेला मजकूर वाचताना ते प्रत्येक स्वल्पविरामानंतर तीन अंक शोधते. ८५,००० मध्ये तीन सापडतात, तो आकडा ठरतो. १,२५,००० मध्ये पहिल्या स्वल्पविरामानंतर दोनच सापडतात, म्हणून ते साऱ्या रकमेला अक्षरे समजून बाजूला ठेवते. बेरजेचे सूत्र अक्षरांकडे बघतही नाही. त्रुटीचा संदेश नाही, लाल खूण नाही. लाखाच्या आतले कर्जदार मोजले जातात आणि लाखावरचे गुपचूप वगळले जातात. पतसंस्थेच्या यादीत याच्याइतकी वाईट चूक दुसरी नसेल, कारण खरी थकबाकी तिथेच असते.

खात्री करायची असेल तर फाइल उघडी असताना कंट्रोल धरून एफ८ दाबावे. कॅल्क आकडे निळ्या, सूत्रे हिरव्या आणि मजकूर काळ्या अक्षरांत दाखवू लागते. रकमेच्या रकान्यात निळ्यामध्ये काळे ठिपके दिसले की गळती कुठे आहे ते कळते. मी कोणतीही बाहेरून आलेली फाइल प्रथम अशीच बघते, बेरीज नंतर.

उपाय असा. टूल्स मेनूतल्या ऑप्शन्समध्ये भाषेचा विभाग आहे, तिथे लोकेल 'इंग्लिश (इंडिया)' किंवा 'मराठी' करावे. भारताचे लोकेल असले की कॅल्कला दोन-दोन अंकांचे गट कळतात. मात्र सेटिंग बदलली म्हणून आधीच उघडलेली यादी आपोआप सुधारत नाही. ती बंद करून मूळ फाइल पुन्हा उघडावी लागते. उघडताना आयातीची चौकट आली तर तिच्यातही भाषा भारतीय इंग्रजी निवडावी.

याच सेटिंगवर तारखाही अवलंबून असतात, आणि मुदत ठेवींच्या यादीत त्यांचा घोळ रकमांपेक्षा जास्त काळ लपून राहतो. ठेव ०५/०४/२०२३ ला ठेवलेली, म्हणजे ५ एप्रिल. अमेरिकी पद्धतीने वाचले तर ती ४ मे होते. १८/०४/२०२३ चे मात्र काहीच होत नाही, कारण अठरावा महिना नसतो. ती तारीख न राहता मजकूर म्हणून डावीकडे सरकून बसते. म्हणजे एकाच रकान्यात १ ते १२ तारखांपर्यंतच्या नोंदींचे दिवस-महिने उलटलेले आणि १३ पासून पुढच्या नोंदी तारीखच नसलेल्या. मध्यंतरी एका संस्थेची व्याजाची तरतूद मला जुळेना. तिथल्या कारकुनाने डावीकडे सरकलेल्या तारखा बघितल्या आणि 'दिसायला वेड्यावाकड्या आहेत' म्हणून सगळा रकाना उजवीकडे घेऊन टाकला होता. त्यामुळे चुकीची उरलीसुरली खूणही पुसली गेली. तारखांना आणि आकड्यांना हाताने डावे-उजवे करू नये, अशी माझी सर्व कार्यालयांना हात जोडून विनंती आहे. फाइल उघडल्यावर त्या आपण होऊन कुठे बसतात हीच त्यांची ओळख.

अशा तारखा दुरुस्त करताना उलटलेल्या हाताने बदलत बसू नये. मूळ फाइल परत घ्यावी, रकाना मजकूर म्हणूनच आत आणावा, मग डेटा मेनूतल्या 'टेक्स्ट टू कॉलम्स'मध्ये रकान्याच्या डोक्यावर क्लिक करून 'डेट (डीएमवाय)', म्हणजे दिवस-महिना-वर्ष, निवडावे. सारा रकाना एका दमात सरळ होतो.

आता मूळ दुखणे. एक्सेलमध्ये बरोबर दिसले म्हणजे फाइल बरोबर होती, असा आपला समज असतो. माझे सांगणे असे की ती फाइल नोटपॅडमध्ये उघडून पहिली ओळ वाचावी. फाइलच्या नावापुढे एक्सएलएस असते, चिन्ह हिरवे एक्सेलचे असते, पण आत कोनी कंसात 'एचटीएमएल' किंवा 'टेबल' असे काही दिसले तर ती एक्सेलची फाइल नव्हेच. ते वेबपेज आहे, एक्सेलचा सदरा घालून आलेले. एक्सेल अशा फाइलला 'नाव आणि आतला प्रकार जुळत नाही' असे बजावते. आपण सवयीने 'येस' दाबतो आणि पुढे जातो. खरी एक्सएलएसएक्स (एक्सेलचा आजचा प्रकार) किंवा ओडीएस (कॅल्कचा खुला प्रकार) फाइल नोटपॅडमध्ये उघडली तर सुरुवातीला 'पीके' ही दोन अक्षरे आणि पुढे अगम्य चिन्हे दिसतात, कारण या दोन्ही मुळात झिप केलेल्या फायली असतात. ('पीके' म्हणजे झिप काढणाऱ्या फिल काट्झची आद्याक्षरे.)

सॉफ्टवेअर बनवणारे असे का करतात? सोपे पडते म्हणून. पडद्यावरचा अहवाल त्यांनी वेबपेज म्हणून तयार केलेलाच असतो. त्याचे नाव बदलून हातात दिले की 'एक्सेल एक्स्पोर्ट उपलब्ध' असे माहितीपत्रकात छापता येते. वेबपेजच्या तक्त्यात आकडा, तारीख, मजकूर असा भेद सहसा नोंदलेला नसतो. सगळी नुसती अक्षरे. ती बघून हा आकडा असावा, ही तारीख असावी असा अंदाज उघडणाऱ्या प्रोग्रॅमला बांधावा लागतो. एक्सेल स्वल्पविरामांच्या जागेबाबत ढिले आहे, शिवाय तारखा ते विंडोजच्या सेटिंगप्रमाणे वाचते. शेजारच्या संगणकावर ती सेटिंग भारताची असणार, म्हणून अंदाज बरोबर आला. कॅल्कची सेटिंग अमेरिकेची होती, म्हणून चुकला. संस्थेच्या थकबाकीची बेरीज कोणाच्या अंदाजावर अवलंबून असावी, हेच मला मान्य नाही.

ओडीएसमध्ये अंदाजाची गरज नसते. कुतूहल असेल त्यांनी एखाद्या ओडीएस फाइलची प्रत करून तिच्या नावाचा शेवट झिप असा करावा आणि उघडावी. आत 'कंटेंट' नावाची एक्सएमएल फाइल असते. तिच्यात प्रत्येक चौकटीबद्दल तीन गोष्टी वेगवेगळ्या लिहिता येतात: प्रकार कोणता, खरे मूल्य काय आणि पडद्यावर दिसणारा मजकूर काय. रकमेचे मूल्य स्वल्पविरामाशिवाय १२५००० असे राहते, दिसताना ते लाखाच्या पद्धतीने दिसते. तारीख आधी वर्ष, मग महिना, मग दिवस अशी ठरलेल्या क्रमाने लिहिलेली असते, दिसताना आपल्या सवयीची दिसते. लोकेल अमेरिकेचे असो की भारताचे, ५ एप्रिल हा ५ एप्रिलच राहतो. खुला प्रकार खुला म्हणजे काय, तर तो कसा लिहावा हे सर्वांसाठी छापलेले आहे. ओअ‍ॅसिस या मानके ठरवणाऱ्या संस्थेने तो २००५ मध्ये मंजूर केला, २००६ मध्ये तो आयएसओ, म्हणजे आंतरराष्ट्रीय, मानक झाला. सूत्रे कशी लिहावीत हे सुरुवातीच्या आवृत्त्यांत नीट ठरलेले नव्हते, त्यामुळे एका प्रोग्रॅममधली सूत्रे दुसऱ्यात हरवत. २०११ च्या १.२ आवृत्तीत तेही ठरले.

तरीही आमच्याकडच्या एका सॉफ्टवेअर कंपनीने ग्राहकांच्या आग्रहाखातर ओडीएसचे बटण दिले आणि त्यातही प्रत्येक चौकटीचा प्रकार 'मजकूर' असा लिहून ठेवला. रक्कम मजकूर, तारीख मजकूर, खाते क्रमांक मजकूर. फाइल सुरेख उघडते आणि बेरीज येते शून्य. चौकटीवर क्लिक केले की वरच्या पट्टीत आकड्याआधी एक बारीक अवतरणचिन्ह दिसते. शोध-बदल करून ते चिन्ह काढायचा प्रयत्न पुष्कळजण करतात आणि 'सापडले नाही' असे उत्तर आले की चिडतात. ते चिन्ह चौकटीत नसतेच. 'हे आकड्यासारखे दिसते, पण मजकूर आहे' एवढे सांगायला कॅल्क ते दाखवते. यावर उपाय असा की रकान्याचे फॉरमॅट 'टेक्स्ट' असेल तर आधी 'नंबर' करावे, मग तोच 'टेक्स्ट टू कॉलम्स' काहीही न बदलता 'ओके' करावा. कंट्रोल-एफ८ लावून ठेवले असेल तर काळा रकाना डोळ्यांदेखत निळा होतो. एवढ्यावरही काही चौकटी काळ्या राहिल्या तर आकड्यामागे न दिसणारी जागा चिकटलेली असते. वेबपेजमधून आलेल्या यादीत हे फार. तिथली जागा साधी स्पेस नसते, म्हणून स्पेस टाइप करून ती शोधता येत नाही. चौकटीतूनच निवडून, कॉपी करून शोधाच्या रकान्यात चिकटवावी लागते.

खाते क्रमांकाचे मात्र उलटे आहे. तो मजकूरच राहायला हवा. ०००४५२ चा आकडा केला की ४५२ उरतो, आणि १६ अंकी बँक खाते क्रमांक आकडा म्हणून आत आला की पंधराव्या अंकापुढचे भरवशाचे राहत नाही. एक्सेल तर तिथे सरळ शून्य लिहिते. त्या क्रमांकावर लाभांश पाठवला की काय होते, हे ज्याने भोगले तोच जाणे. ज्याची बेरीज करायची नाही तो क्रमांक आकडा नव्हे, एवढे लक्षात ठेवले तरी पुरे.

सभासदांची नावे निरर्थक इंग्रजी अक्षरांत येतात, ही तक्रारही नेहमीची. ती बहुधा एक्स्पोर्टची नसते. नावे जुन्या, युनिकोड नसलेल्या फाँटमध्ये भरलेली असतात आणि तो फाँट दुसऱ्या संगणकावर नसतो. त्यांना एकदाच बसून युनिकोडमध्ये आणण्यावाचून गत्यंतर नाही. नावे युनिकोडमध्ये असूनही सीएसव्ही फाइल (स्वल्पविरामांनी रकाने पाडलेली साधी मजकूर फाइल) उघडताना बिघडत असतील, तर आयातीच्या चौकटीत 'कॅरेक्टर सेट' यूटीएफ-८ निवडावा, काम होते.

हे सगळे उपाय मी सांगितले खरे, पण ते दरवर्षी दर संस्थेत कोणी का करत बसावे? आपण सॉफ्टवेअरसाठी पैसे मोजतो, वर दरसाल देखभालीचा करार करतो. फाइल बिघडलेली येते अशी तक्रार केली की सपोर्टच्या खिडकीतून ठराविक उत्तर मिळते: 'सर, एक्सेल घ्या.' मग संस्था एक्सेल 'घेते'. कुठून आणि कसे घेते, हे लिहायला नको. अनेक कार्यालयांतले एक्सेल कोणत्या दुकानातून आले हे चेअरमनपासून शिपायापर्यंत सर्वांना ठाऊक असते आणि लेखापरीक्षणात खरेदीचे बिल मागितले की सगळे छताकडे बघतात.

माझा एक्सेलवर राग नाही, हेही स्पष्ट करते. एक्सएलएसएक्सही २००८ पासून आयएसओचे मानक आहे. (त्या मतदानात भारताने विरोधात मत दिले होते, ते वेगळे.) सॉफ्टवेअरने खरी, नीट लिहिलेली एक्सएलएसएक्स दिली तर कॅल्क साध्या यादीला ती बिनतक्रार उघडते. त्याचप्रमाणे आजचे एक्सेल ओडीएस उघडते, गूगल शीट्समधून ओडीएस उतरवता येते. तेव्हा 'ओडीएस पाठवली तर बँकेला उघडेल का' ही भीती नको. फुकट म्हणून ते कच्चे, हा समजही सोडावा. जर्मनीतल्या श्लेस्विग-होल्स्टाइन राज्याने २०२४ मध्ये आपल्या सरकारी कार्यालयांतले सुमारे ३०,००० संगणक लिब्रेऑफिसवर नेण्याचा निर्णय जाहीर केला. आपल्या केंद्र सरकारचेही ई-गव्हर्नन्ससाठी खुल्या मानकांचे धोरण नोव्हेंबर २०१० पासून आहे. ते पतसंस्थेला लागू नाही, पण त्यामागचा विचार पतसंस्थेलाही तितकाच लागू पडतो. सॉफ्टवेअरवाला दुकान बंद करून गेला आणि कर्ज खतावणी त्याच्या खास प्रकारात अडकून पडली, अशी संस्था माझ्या पाहण्यात आहे. तिथले दोन कारकून छापील कागदांवरून खाती नव्याने भरत बसले होते.

म्हणून संचालक मंडळांना सांगणे: देखभालीचा करार पुढे चालू ठेवण्याआधी एक दुपार काढा. कंपनीच्या माणसाला समोर बसवून थकबाकी यादी, मुदत ठेव यादी आणि तेरीज (सर्व खात्यांच्या नावे-जमा शिलकांची यादी) त्याच्याच हाताने एक्स्पोर्ट करायला लावा. फाइल नोटपॅडमध्ये उघडून 'पीके' दिसते का बघा. मग कॅल्कमध्ये उघडा, लोकेल मुद्दाम अमेरिकेचे ठेवून. रकमेची बेरीज छापील अहवालाशी रुपया-पैशासकट जुळली पाहिजे. तारखेच्या रकान्यावर क्रम लावला की जुनी ठेव वर आणि नवी खाली यायला हवी. दर पानाचे शीर्षक आणि 'पुढील पानावर' ही ओळ यादीच्या मधोमध घुसलेली नको, कारण मग गाळणीही (फिल्टर) चालत नाही आणि पानापानाची बेरीज पुन्हा मोजली जाऊन एकूण रक्कम फुगते. हे जमले नाही तर तसे करारात लिहून घ्या, दुरुस्तीच्या तारखेसह. कंपनीला हे अवघड नाही. आकडा कुठला आणि तारीख कुठली हे तिच्या डेटाबेसला आधीच माहीत असते. फाइल लिहिताना ती माहिती फेकून द्यायची नाही, एवढेच करायचे आहे.

व्यवस्थापक साहेबांनी लोकेल बदलून तीच यादी पुन्हा उघडावी आणि बेरीज जुळली की नाही ते याच सदरात कळवावे. न जुळल्यास नोटपॅडमधली पहिली ओळ लिहून पाठवावी, पुढचा उपाय सांगेन. मी ज्या कंपनीचा उल्लेख केला तिने संस्थांच्या रेट्यामुळे यंदा ओडीएसमधल्या रकमा आणि तारखा सुधारून दिल्या. तेरजेत मात्र 'नावे' आणि 'जमा' हे शब्द अजून रकमेला चिकटूनच येतात, त्यामुळे तिथली बेरीज शून्यच. ती तक्रार नोंदवून ठेवली आहे. तोवर शेवटचा शब्द वेगळ्या रकान्यात काढून, जमेच्या रकमांना वजा चिन्ह लावून आम्ही तेरीज जुळवतो आहोत.

आपली,
एक प्रमाणित लेखापरीक्षक
(नाव व पत्ता संपादकांकडे)